दोर, चाक आणि पाच हजार चाळीस: लफबरो ते बोलोन्या

सोमवार, लंडन

या सहलीत चर्च बघण्यात आम्ही फार वेळ घालवला नाही. आमचं काम होतं मनोऱ्यात. इंग्लंडात घंटा एका तऱ्हेने वाजवतात, इटलीत व्हेरोनाला दुसऱ्या तऱ्हेने आणि तिथून तासा-दीड तासावरच्या बोलोन्याला तिसऱ्याच. तिन्ही ठिकाणी घंटा नुसती हेलकावत नाही. तोंड आभाळाकडे करून उभी राहते आणि तिथून पूर्ण फेरी घेते. युक्ती एकच, मग ऐकू येतं ते इतकं वेगळं कसं, हे कानांनी तपासायचं असा बेत होता.

दादा माझा मावसभाऊ, लेस्टरला असतो. इंग्लंडपुरती त्याची सोबत, वहिनी मात्र इटलीपर्यंत येणार होती. तिची अट एकच, रोज एक वेळ तरी खुर्चीवर बसून जेवायचं.

व्हाइटचॅपल रोडवर घंटा ओतण्याचा जुना कारखाना होता. १५७० पासूनची परंपरा सांगायचा, २०१७ मध्ये बंद झाला. बिग बेन इथलीच, १८५८ ची, साडेतेरा टनांची. दार बंद असल्यामुळे फुटपाथवरूनच बघितलं आणि निघालो. तशी बिग बेन आमच्या कामाची नव्हतीच. ती जागची हलत नाही, हातोडा तिच्यावर येऊन आपटतो.

चीपसाइडला सेंट मेरी-ल-बो. या चर्चच्या घंटा ऐकू येतील एवढ्या टप्प्यात जन्मला तो अस्सल कॉकनी, म्हणजे हाडाचा लंडनकर, असं इथे मानतात. मे १९४१ मध्ये बाँब पडून चर्च जळलं, घंटा गेल्या. नव्या बारा घंटा वाजल्या त्या १९६१ मध्ये. "म्हणजे मधल्या वीस वर्षांत लंडनमध्ये कॉकनी जन्मलेच नाहीत का?" हा दादाचा प्रश्न. वहिनी म्हणाली, "अहो, गाडी चुकेल." संध्याकाळी लेस्टर गाठलं.

मंगळवार, लफबरो

लेस्टरहून लफबरो आगगाडीने जेमतेम पाव तास. जॉन टेलर आणि कंपनी १८३९ पासून या गावात घंटा ओतते. सेंट पॉल कॅथीड्रलची 'ग्रेट पॉल' ही सोळा टनांहून जड घंटा १८८१ मध्ये इथूनच बाहेर पडली.

साच्यासाठी जी माती कालवतात तिच्यात वाळू असते, घोड्याची लीद असते, बकरीचे केस असतात. लीद आणि केस जळून गेले की साच्यात बारीक पोकळ्या उरतात आणि तापलेल्या धातूतला वायू तिथून निसटतो. नाहीतर घंटेच्या अंगात बुडबुडे राहतात आणि आवाज बसका येतो. धातू म्हणजे आपलं कांसंच, साधारण ७७ टक्के तांबं आणि २३ टक्के कथील. लीद बघून वहिनीने नाकाला रुमाल लावला होता, पण हे कारण कळल्यावर रुमाल काढून तिनेच पुढचे चार प्रश्न विचारले.

मी रमले ते सूर लावण्याच्या विभागात. घंटा उलटी करून मोठ्या लेथवर चढवतात आणि आतल्या बाजूने पातळ पातळ तासून काढतात. बाहेरून हात लावायचा नाही. घंटेत एक सूर नसतो, पाच-सहा तरी असतात, आणि ते वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या जाडीत राहतात. कुठे तासलं की कोणता सूर उतरेल, हे कारागिराला ठाऊक असतं. टेलरांनी १८९६ च्या सुमाराला पाच सूर एकमेकांशी जुळवून घ्यायची पद्धत घातली. तिथल्या माणसाने ट्युनिंग फोर्क वाजवून त्याची दांडी घंटेच्या काठाला टेकवली. घंटेला टोला नाही, काही नाही, आणि त्या एवढ्या मोठ्या कांशातून तेवढाच एक सूर उठला. दुसरा फोर्क लावला, दुसरा सूर. त्याने एकेक करून ऐकवले: षड्ज, खालच्या सप्तकातला षड्ज, वरचा षड्ज, पंचम. आणि मग गंधार, कोमल. मी पुन्हा लावायला सांगितला. कोमलच. घंटेच्या पारंपरिक आकारातूनच तो येतो. कारागीर तो नेमका करतो, पण शुद्ध करत नाही. लग्नाच्या घंटासुद्धा मला नेहमी जरा उदास का वाटायच्या, त्याचं कारण हातात आलं.

पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौद चर्चचा उंच मनोरा आहे. त्यातल्या आठ घंटा टेलरांच्याच, इंग्लिश पद्धतीने चाकावर टांगलेल्या. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही टेलरांच्या आठ आहेत. पंचहौद म्हटलं की आपल्याला आठवतो तो १८९० चा चहा आणि त्यावरून टिळक-रानडे प्रभृतींवर उठलेलं ग्रामण्याचं वादळ. वरच्या घंटांचं कुणी नाव काढत नाही. मीही त्या मनोऱ्याखालून शाळेत जात असे आणि वर चाकं आहेत हे मला लफबरोला कळलं.

संध्याकाळी दादाच्या घराजवळच्या एका खेड्यात सराव होता. इंग्लंडात बहुतेक मनोऱ्यांची आठवड्यातली एक संध्याकाळ सरावासाठी ठरलेली असते आणि पाहुणा आला तर कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. अरुंद गोल जिन्याने वर गेलो. खोलीत सहा दोर छतातल्या भोकांतून खाली आलेले, गोलात. घंटा दिसतच नाहीत, त्या वरच्या मजल्यावर. प्रत्येक दोराला डोक्याच्या उंचीवर लोकरीची जाड, पट्ट्यापट्ट्यांची मूठ. तिला सॅली म्हणतात.

आता ही पद्धत नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घंटा ज्या आडव्या दांड्याला टांगलेली असते त्या जूला एक पूर्ण चाक असतं, दोर त्या चाकावर. सुरुवातीला घंटेला झोके देत देत वर चढवतात, इतकं की ती तोंड वर करून उभी राहते. तिथून किंचित ओढली की ती खाली घसरते, पूर्ण फेरी मारते, लोळा एकदाच आपटतो आणि ती पलीकडून पुन्हा तोंड वर करून उभी राहते. पुढच्या ओढीला उलट दिशेने. बागेतला झोका अगदी वर गेला की क्षणभर थबकतो ना, त्या थबकण्यावर सगळा खेळ. तिथे घंटेला थोडं जास्त थांबवता येतं, किंवा वरपर्यंत न जाऊ देता जरा लवकर परतवता येतं. लटकत्या घंटेला हे जमत नाही, ती आपल्याच लयीत डुलत राहते. घंटा तोल ओलांडून पलीकडे जाऊ नये म्हणून जूला अ‍ॅशच्या लाकडाची एक दांडी असते. कुणी फार जोर लावला तर ती मोडते, बाकी सांगाडा वाचतो.

पण लवकर-उशिराची ही मुभा अगदी थोडी आहे. पाचशे किलोचं कांसं एका फेरीत एक जागा पुढे सरकेल किंवा एक जागा मागे, त्याहून जास्त नाही. म्हणून या घंटांवर गाणं वाजत नाही. इंग्रजांनी गाण्याचा नाद सोडला आणि क्रम बदलत नेण्याचा खेळ काढला. सगळ्यात बारीक घंटा एक, तिला ट्रेबल म्हणतात. सगळ्यात जड ती टेनर. बारीककडून जडकडे सरळ उतरत वाजवलं की झाले राउंड्स. मग शेजारशेजारच्या घंटा जागा बदलायला लागतात:

१२३४५६
२१४३६५
२४१६३५
४२६१५३
४६२५१३
६४५२३१
६५४३२१

ही 'प्लेन बॉब'ची सुरुवात. फक्त एकचा रस्ता बघा, एकेक जागा सरकत शेवटी जातो आणि मग तसाच परत येतो. अकराव्या बदलाला तो पुन्हा पहिल्या जागी येतो. बाराव्याला बाकीच्यांनी तीच चाल चालू ठेवली तर थेट राउंड्सवर येऊन खेळ संपेल. म्हणून तिथे दुसऱ्या जागेवरची घंटा अडून बसते आणि मागच्या चौघी आपापसात जागा बदलतात. एवढ्याशा अडवणुकीने गाडी नव्या रुळावर. सहा घंटांवर एकूण ७२० ओळी होतात, एकही दुसऱ्यांदा न येता. साधारण पंचवीस मिनिटं.

"लुक टू," ट्रेबलवाली मुलगी म्हणाली. सगळ्यांनी मुठी धरल्या. "ट्रेबल्स गोइंग... शी इज गॉन." आणि सुरू. कागद नाही, समोर काही लिहिलेलं नाही, बोलणं जवळजवळ नाही. मधेच एक जण "बॉब!" म्हणून ओरडायचा आणि तिघांची वाट बदलायची. बाकी सगळं पाठ आणि डोळ्यांत. आपल्या आधी कुणाचा दोर उतरला हे बघून आपला उतरवायचा. दर दोन ओळींनंतर एका टोल्याएवढी जागा रिकामी सोडतात. तालाचा कान असलेल्या माणसाला ती जागा लगेच सापडते आणि मग मोजता येतं. मी मांडीवर मोजत होते, तर शेजारच्या आजोबांनी खूश होऊन मला एका दोराशी उभं केलं. सॅलीची ओढ त्यांनी स्वतःकडे ठेवली, दोराच्या शेपटीची मला दिली. हातात वजन येतच नाही, येतो तो वेग. दोर वर खेचला जातो तेव्हा हात सैल सोडून त्याच्याबरोबर वर जाऊ द्यायचे. मोठ्या घंटेवर एक शिडशिडीत बाई होत्या आणि त्या घामाघूम वगैरे काही झाल्या नव्हत्या.

नंतर सगळे पबमध्ये. हाही सरावाचाच भाग समजतात.

बुधवार, नॉरिच

दादाने गाडी काढली. वाटेत त्याने सांगितलं, की दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० पासून, इंग्लंडात चर्चच्या घंटा वाजवायला बंदी होती. जर्मन छत्रीधारी सैनिक उतरले तरच वाजवायच्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये अल अलामेनच्या विजयासाठी एका रविवारपुरती ती उठली. सैनिक तर आलेच नाहीत. बहुतेक मनोरे मुके राहिले.

सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट नॉरिचच्या बाजाराला लागून आहे. इथल्या घंटेकऱ्यांनी २ मे १७१५ ला सात घंटांवर सगळ्या ओळी सलग वाजवल्या, ३ तास १८ मिनिटांत. खरी, बिनचूक म्हणून मानली जाणारी ही पहिली 'पील'. अशा पराक्रमांचे लाकडी फलक इंग्लंडातल्या मनोऱ्यांत भिंतीभर लावलेले असतात: तारीख, पद्धत, किती वेळ, कुठल्या घंटेवर कोण. देवाचं नाव त्यांत शोधावं लागतं. सतराव्या शतकात हा तरुण पोरांचा शर्यतीचा, व्यायामाचा आणि बिअरचा छंद होता. धर्मसुधारणेनंतर पूजाविधीत घंटांना पूर्वीइतकं काम उरलं नव्हतं. मनोरे होते, घंटा होत्या, पोरांनी त्या ताब्यात घेतल्या. लंडनच्या 'कॉलेज यूथ्स' मंडळाची स्थापना १६३७ ची मानतात आणि ते अजून चालू आहे. फेबियन स्टेडमन या छपाईतल्या माणसाने १६७७ मध्ये या क्रमांवर अख्खं पुस्तक काढलं. हे क्रम म्हणजे गटसिद्धान्त, पण गणितात त्याला तोंड फुटायला अजून शंभर वर्षं होती.

सात घंटांच्या ओळी किती? ५०४०. फलकावर तो आकडा दिसल्यावर मी दादाला म्हटलं, "अरे, हा तर आपला आकडा." तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त कूटतानांचा हिशेब मांडला आहे. सात स्वर, प्रत्येक एकदाच, क्रम वेगवेगळा: ५०४०. नुसती बेरीज देऊन तो थांबत नाही. अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तान कितवी, हे काढायला खंडमेरूचं कोष्टक देतो. भेंडीबाजार घराण्याने आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांनी पुढे स्वरांचे क्रम फिरवत जो मेरुखंड गायला, त्याचं मूळ हेच.

गाडीत परतताना मी यावरच बडबडत होते. शार्ङ्गदेवाच्या प्रस्तारात, म्हणजे तानांच्या ओळीने मांडलेल्या यादीत, एका तानेतून पुढच्या तानेत जाताना स्वर कुठूनही कुठे उडी मारू शकतो, गळ्याला ते चालतं. कांसं उडी मारत नाही. नॉरिचकरांचा प्रश्न म्हणून जास्त अवघड: प्रत्येक ओळीतून पुढच्या ओळीत जाताना कुणीही एका जागेपलीकडे सरकायचं नाही, आणि तरी पाच हजार चाळीसही यायला हव्यात. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपला गवई त्या पाच हजार चाळीसांतल्या रागाला शोभतील तेवढ्याच उचलतो. इंग्रज सगळ्या वाजवतो. शोभो न शोभो, एकही सोडायची नाही. आठ घंटांच्या ४०,३२० होतात; त्याही जुलै १९६३ मध्ये लफबरोला टेलरांच्या कारखान्याच्या मनोऱ्यात आठ जणांनी बदली न घेता १७ तास ५८ मिनिटांत वाजवल्या. बाराच्या होतात ४७,९०,०१,६००. त्याला तीस वर्षांहून जास्त लागतील, म्हणून तो नाद अजून कुणी केलेला नाही.

"आणि खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काय कळतं?" वहिनीने विचारलं.

काहीच नाही. त्याला घंटा वाजतायत एवढंच कळतं.

गुरुवार, प्रवास

पहाटे निघालो, विमान तीन तास उशिरा. वहिनीची जेवणाची अट विमानतळावरच्या सँडविचने मोडली आणि ती मला रात्रीपर्यंत ऐकवण्यात आली. व्हेरोनाला पोचलो तेव्हा आदिजे नदीवर अंधार पडला होता.

शुक्रवार, व्हेरोना

सकाळी लांबेर्तींचा मनोरा. चौऱ्याऐंशी मीटर उंच, लिफ्ट आहे. वरच्या दोन घंटांना नावं आहेत, रेंगो आणि मारांगोना. मारांगोना कारागिरांना काम संपल्याचं सांगायची आणि आग लागली की हाकाटी करायची; रेंगो पंचांची सभा किंवा शस्त्रं उचलायला लोकांना बोलवायची. म्हणजे एकेका घंटेला एकेक अर्थ. आमच्याकडे वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आलेल्या पोर्तुगीज घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अशा एकेकट्याच टांगलेल्या असतात. त्यामुळे एक घंटा, एक निरोप, हे आपल्याला ओळखीचं. घंटांचा ताफा करून त्यावर संगीत वाजवायचं, ही पुढची पायरी.

व्हेरोनाने ती पायरी घेतली सान जोर्जो इन ब्रायदा या चर्चच्या मनोऱ्यात. पोन्ते पिएत्रा पुलावरून पलीकडे जाऊन नदीकाठाने गेलं की हे चर्च येतं. घुमट वास्तुकार सानमिकेलीचा, मनोराही त्याच्याच आराखड्याचा पण अर्धवट राहिलेला. १७७६ मध्ये इथे सुरात लावलेल्या सहा घंटा चढल्या आणि त्यांच्यावर मैफली वाजू लागल्या. व्हेरोनाची पद्धत सुरू झाली ती इथून. आज व्हेरोना आणि आसपासच्या खेड्यांत अशी पथकं पुष्कळ आहेत. आम्ही आधी पत्र घालून ठेवलं होतं, म्हणून संध्याकाळी शहराबाहेरच्या एका मनोऱ्यात सराव बघायला मिळाला.

दोर, चाक, तोंड वर करून उभी घंटा: सगळं मंगळवारचंच. पण वाजवणारे ओळीत उभे आणि त्यांच्यासमोर मास्तर. मास्तरांच्या हातात कागद, कागदावर आकडे. घंटा वर उभ्या करून झाल्या की सगळे दोर धरून नुसते थांबले. कुणीच ओढेना. मग मास्तर आकडे पुकारू लागले, आणि ज्याचा आकडा त्याने आपली घंटा सोडली. घंटा फिरून टोला पडायला वेळ लागतो, म्हणून आकडा सुराच्या आधीच पुकारावा लागतो. मास्तरांच्या तोंडात पुढची ओळ, कानात मागची. ऐकणाऱ्याची फजिती अशी, की खोलीत बसलं तर आकडे आणि सूर यांचा मेळच लागत नाही. मी जिना उतरून अंगणात गेले आणि वर काय चाललंय ते तिथे कळलं. ती चाल होती. गुणगुणता येईल अशी, सुरुवात आणि शेवट असलेली.

इंग्रज म्हणतो घंटेवर गाणं होत नाही, कारण त्याच्या नियमात प्रत्येक घंटेने प्रत्येक ओळीत एकदा वाजलंच पाहिजे. कुणाला गप्प बसायची परवानगी नाही. व्हेरोनाकराने एवढंच केलं की ज्या सुराचं काम नाही त्या घंटेला उभी ठेवली. ती वर तोल साधून वाट बघते, आपला आकडा आला की उतरते. त्यातून चाल आली आणि चालीबरोबर जोडसूर आले. दोन घंटा, कधी तीन, एकदम. लेस्टरच्या खेड्यात दोन टोले एकमेकांवर पडले की सगळ्यांचे चेहरे आंबट होत होते. इथे तीन घंटा नेमक्या एका क्षणी पडल्या तेव्हा मास्तरांनी कागदावरून मान वर करून पहिल्यांदा हसून बघितलं. तीन वेगळ्या वजनाच्या घंटा, प्रत्येकीची उतरायची घाई वेगळी, आणि टोला मात्र एकत्र पडायला हवा. जड घंटेवाल्याने किती आधी सोडायची, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. कागदावर ते नाही.

माझं मत विचाराल तर इंग्लंडातलं वाजवणं वाजवणाऱ्यासाठी आहे, व्हेरोनातलं ऐकणाऱ्यासाठी. इंग्लंडात खोलीतल्या सहा जणांना जी मजा येते ती खाली पोचत नाही आणि त्यांना त्याचं फारसं काही वाटतही नाही. व्हेरोनात खालच्या अंगणात बाकं टाकलेली होती, त्यांवर म्हातारी मंडळी येऊन बसली होती आणि एक जण दुसऱ्याला चौथी घंटा आज मागे राहतेय असं सांगत होता. खुणांवरून मला तरी असंच वाटलं. वहिनीच्या मते तो गुडघेदुखीबद्दल बोलत होता.

रात्री नीट जेवलो. तह झाला.

शनिवार, ४ ऑक्टोबर, बोलोन्या

आज सान पेत्रोनियोचा सण, बोलोन्याच्या रक्षणकर्त्या संताचा, म्हणून तारीख साधून आलो होतो. त्याची बॅसिलिका मोठ्या चौकात. १३९० मध्ये बांधायला घेतली, दर्शनी भिंत अजून अर्धीच संगमरवरी, वर उघडी वीट. आत जमिनीवर खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ मध्ये आखलेली मध्यान्हरेषा आहे. दुपारी छतातल्या भोकातून उन्हाचा ठिपका तिच्यावर येतो. ती बघायला गर्दी होती, आम्हीही बघितली.

बोलोन्याची पद्धत याच मनोऱ्यात सोळाव्या शतकात जन्मली, म्हणजे तिघांत सगळ्यात जुनी. घंटा चारच. नावं: ग्रोसा, मेझाना, मेझानेल्ला, पिकोला. इथे चाक नाही, खाली सोडलेला दोर नाही. वाजवणारे घंटांच्याच मजल्यावर, घंटांच्या अंगाशी. सान पेत्रोनियोची ग्रोसा साधारण ३,३०० किलोंची, आणि तिला फिरवायला डझनभर माणसं लागतात. या पद्धतीने वाजणारी ही सगळ्यात जड घंटा.

चौकात उभं राहून ऐकलं. इंग्लंडातल्यासारख्या मोजक्या ओळी नाहीत, व्हेरोनाची चाल नाही. हा ठेका आहे. टोले दाट पडतात, चार घंटा एकमेकींत गुंततात, सुटतात, पुन्हा गुंततात, आणि मोठीचा टोला समेवर आल्यागत पडतो. वेग फार. चौकातल्या कबुतरांना त्याची सवय असावी, एकही उडालं नाही.

वेगाचं कारण त्या रात्री एका वाजवणाऱ्याने टेबलावर ग्लास उलटा-सुलटा करून समजावलं. बोलोन्याच्या घंटेला वरून प्रतिभार लावत नाहीत. त्यामुळे सगळं वजन आसाच्या एका बाजूला राहतं, आणि घंटा सुटली की जोरात सुटते. हळू फिरवणं सोपं करण्यासाठी दुसरीकडे जे करतात ते इथे मुद्दाम केलेलं नाही.

रविवार, बोलोन्याच्या टेकड्या

सणाच्या गर्दीत वर सोडत नाहीत, म्हणून आजची खटपट. बोलोन्यातल्या वाजवणाऱ्यांची संघटना १९१२ पासून आहे आणि तिच्यातल्याच दोघांनी आम्हाला टेकडीवरच्या एका लहान चर्चमध्ये नेलं. शेवटचा जिना म्हणजे शिडीच. वहिनी म्हणाली, "तू जा, मी खाली थांबते," आणि माझ्या मागोमाग चढली.

वर लाकडाचा भक्कम सांगाडा, त्याला इथे कास्तेल्लो म्हणतात, किल्ला. त्यात चार घंटा आणि त्यांच्यामध्ये, त्यांच्यावर, त्यांना चिकटून माणसं. लहान घंटांवर एकेक. मोठीला दोघे, त्यातला एक वरच्या तुळईवर उभा, पाय फाकून, हात जूवर. कानात बोळे आम्हालाही दिले. मग ती घंटा हलवायला लागले. आधी थोडी, मग जास्त, आणि जेव्हा ती तोंड वर करून आली तेव्हा त्या दोघांनी तिला अंगाने थोपवली. एकाचा खांदा जूला लागला होता, तुळईवरच्याचं सगळं वजन मागे. चारही घंटा अशा उभ्या. कुणीतरी एक शब्द टाकला आणि चारही सुटल्या.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं असं म्हणता येणार नाही. हातभर अंतरावरून कांसं जात होतं, वारा लागत होता, किल्ला हलत होता (हलायचाच, म्हणाले, घट्ट केला तर मनोरा हलेल). लक्षात राहिला तो तुळईवरचा माणूस. घंटा त्याच्या पायांखालून फिरून येई तेव्हा तो गुडघे किंचित वाकवून तिला पुढे लोटायचा आणि पुढच्या फेरीला तिला धरायचा, ढकलायचा, धरायचा. बघत कुणाकडेच नव्हता. त्याला पाठीमागच्या पिकोलाचा टोला ऐकून आपली घंटा किती रोखायची ते कळत होतं. दोराला सॅली नाही, हातात कागद नाही, "बॉब" ओरडलेलं इथे कुणाला ऐकूही आलं नसतं.

संपल्यावर मी त्यांना मंगळवारी फोनवर टिपलेला इंग्लिश सराव ऐकवला. दोघांनी पूर्ण ऐकला, तीनदा. एकाने विचारलं, यांना थांबवतं कोण? दुसऱ्याने आकड्यांचा कागद मागून घेतला, तो प्लेन बॉबचा, आणि चार घंटांपुरता करून बघू लागला. चोवीस ओळी झाल्या. त्यातल्या काही त्यांच्या ठेक्यात आधीपासून आहेत असं त्याचं म्हणणं पडलं, मग त्यावर दोघांचा वाद सुरू झाला आणि तो जेवणाच्या टेबलावरही चालू राहिला.

इटलीतल्या बहुतेक मनोऱ्यांत आता मोटर बसवली आहे, बटन दाबलं की घंटा वाजते. हाताने वाजवणारे आहेत ते अशा संघटनांमुळे, आणि त्यांच्या सरावाला जायचं तर आधी लिहावं लागतं. आम्हाला उत्तर आठवड्याभरात आलं. इंग्लंडात नुसतं सरावाच्या संध्याकाळी जिन्यापाशी उभं राहिलं तरी चालतं. दोन्हीकडे पायात रबरी तळव्याचे बूट हवेत, आणि ओढणी किंवा लांब स्टोल घालून जाऊ नका. लेस्टरला वर पोचताच माझा स्टोल आधी काढून खुंटीला टांगला, मग नमस्कार-चमत्कार झाले.